बाई सेक्टरातली वाटी

बशीत तीन मोदक होते आणि खाणाऱ्या आम्ही दोघी.

मेन्यूत त्यांचं नाव डिमसम होतं. पण पातळ पारीतून आतलं हिरवं सारण दिसत होतं, वर बारीक कळ्या घालून शेंडा मिटवलेला होता. माझ्या डोळ्यांना ते मोदकच. सारण सोयाबीनच्या कोवळ्या दाण्यांचं, त्याला ट्रफल नावाच्या, जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीचा वास. खाली लोणी आणि मिसो घोटून केलेला पिवळसर सॉस, तोही बशीच्या एकाच कडेला, जणू वाढणाऱ्याला घाई होती. वेटर मुलगा हात पाठीमागे बांधून म्हणाला, "हे मधे ठेवतो, मॅडम. आमच्याकडे सगळं वाटून खायचं असतं."

तो गेला. आम्ही एकेक उचलला. तिसरा बशीत राहिला.

आमच्या घरी कुणाच्या पानात एकदम तीन पोळ्या वाढत नसत. तीन तिघाडा, काम बिघाडा. जपानी मांडणीत मात्र विषम संख्येला मान असतो; जोडीजोडीनं मांडलेलं त्यांच्या डोळ्यांना निर्जीव दिसतं. बशीपुरतं ते खरं असेल. पण बशीभोवती माणसं बसली की विषम आकडा नुसता शोभेचा राहत नाही. तिसरा कुणाचा?

"घे ना."

"नाही, तू घे."

साठी ओलांडलेल्या दोन बायका एका मोदकावरून अशा अडून बसल्या होत्या. बाहेर जानेवारीतलं धुकं हिमालय मार्गावरच्या दिव्यांना गिळत होतं.

चंदीगडच्या ज्या सेक्टर २२ मध्ये आम्ही जेवत होतो, त्याला तिथे 'बाई सेक्टर' म्हणतात. पंजाबीत बाई म्हणजे बावीस. १९७२ साली बाबांची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून तिकडे गेलो, तेव्हा आईनं पत्ता सांगितल्यावर रिक्षावाला मान हलवत म्हणाला, "अच्छा, बाई सेक्टर." आईला वाटलं, बायकांसाठी राखीव वस्ती असावी. पुढे कळलं की माळवा भागातले पंजाबी पुरुष एकमेकांना आदरानं 'बाई जी' म्हणतात, म्हणजे भाऊ. आणि गंमत म्हणून त्या 'बाई'च्या जागी नुसता २२ हा आकडाही लिहितात. भाऊ तो बाई, बाई ते बावीस. आईनं कपाळाला हात लावला.

आईचा समज अगदीच चुकीचा नव्हता, हे मला फार उशिरा समजलं. हा सेक्टर बऱ्याच अंशी एका बाईनंच उभा केला. फाळणीत लाहोर गेलं, पूर्व पंजाबला राजधानी हवी होती, म्हणून नेहरूंच्या काळात हे शहर नव्यानं आखलं गेलं. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते वर्षातून काही आठवडे यायचे. राहण्याची घरं बांधली ती त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू या इंग्रज नवराबायकोनं. सेक्टर २२ सगळ्यात आधी वसलेल्यांपैकी. त्यातली पुष्कळशी घरं, बाजाराची रांग, हे ड्र्यूबाईंचं काम. कोपऱ्यावरचं किरण सिनेमागृह फ्राय यांचं. सरकारी घरांचे तेरा प्रकार ठरले होते, मुख्यमंत्र्यापासून शिपायापर्यंत, पगाराच्या उतरंडीनं. कोण कुठे राहणार हे नकाशात होतं. कोण कुणाच्या घरचं खाणार, हे मात्र नव्हतं.

आमचं घर रांगेतलं, उघड्या विटांचं. वाऱ्यासाठी विटांची जाळी, उन्हाळ्यात झोपायला गच्ची आणि मागे फरशीचं छोटं अंगण. त्या अंगणाची एक भिंत शेजारच्या अंगणाचीही होती. माझ्या हनुवटीला लागेल एवढीच ती उंच. तिच्या पलीकडून पहिल्याच संध्याकाळी एक हात वर आला. त्या हातात वाटी होती.

तो हात बीजींचा. समोर बसलेली माझी मैत्रीण त्यांची धाकटी मुलगी.

त्या वाटीत कढी होती. आईनं ती वाटी दोन्ही हातांनी घेतली, आत आणून आपल्या पातेलीत ओतली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. कढी दाट, वर भजी तरंगत होती आणि साखरेचा कुठे मागमूस नव्हता. "हिला कढी म्हणायचं की पिठलं?" आईनं हळूच विचारलं. दुसऱ्या दिवशी बीजींची वाटी घासून, त्यात आपली कढी घालून तिनं पाठवली: पातळ, पिवळी, आल्याची, कढीपत्त्याची, गोडसर. भिंतीपलीकडून स्वच्छ आवाज आला, "ये कढी बीमार है क्या?"

आणि हसणं सुरू झालं. पाच वर्षं ते थांबलं नाही.

शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, हा आईचा नियम. काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामी नाही. बीजींकडेही तोच नियम होता. दोन नियम एकमेकांसमोर आले की काय होतं, हे गणित सोपं आहे: वाटी कधी थांबतच नाही. राजमा आला, साबूदाण्याची खिचडी गेली. सरसों का साग आला, पुरणपोळी गेली. बीजी खिचडीतला एकेक दाणा बोटांत धरून उजेडाकडे बघत म्हणाल्या होत्या, हे मोती ओवले कुणी? एकदा आमचीच एक स्टीलची वाटी गेली. आईच्या लग्नात मामानं दिलेला वाट्यांचा सेट होता, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं: 'मामाकडून'. माझी मैत्रीण तेव्हा नुकतीच हिंदी वाचायला शिकली होती. तिनं मोठ्यानं वाचलं, "मामा का खून." बीजींच्या हातातून वाटी पडता पडता राहिली.

"पुढचा कोर्स," मुलगा म्हणाला आणि मोदकाची बशी उचलायला वाकला. आम्ही दोघींनी एकदम हात आडवा केला. त्यानं समजूतदारपणे बशी बाजूला सरकवली आणि नवी मधे ठेवली. भाजलेला मासा, त्यावर चिंचेची चकाकी, बाजूला लोण्याचा सॉस. गवती चहाचा वास आधी नाकात आणि मग जिभेवर. चांगलं होतं. हे आवर्जून सांगायला हवं, कारण असल्या ठिकाणी जेवून आलेली मराठी माणसं घरी येऊन वरणभात खाल्ल्याच्या गोष्टी सांगतात. लोण्याच्या स्निग्धपणात चिंच अशी उतरली होती, की दोघींची ओळख जुनी असावी. चिंच तोंडाला जागं करत होती, लोणी तिला समजावत होतं.

सात कोर्स होते. एक संपला की दुसरा, मधे थांबणं, मधे पाणी, मधे मुलाचं स्पष्टीकरण. मला ताटाची सवय. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरणभात, सगळं एकदम समोर. कशानंतर काय खायचं हा खाणाऱ्याचा हक्क. कोर्समागून कोर्स वाढण्याची पद्धत फ्रेंच, असं मी समजत होते. ते तसं नाही. जुनी फ्रेंच रीत आपल्या ताटाच्या जवळची: पुष्कळ पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडायचे, ज्याला जे पोचेल ते त्यानं घ्यायचं. एकेक पदार्थ वाढायच्या पद्धतीला फ्रेंच लोक रशियन पद्धत म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ती पॅरिसमध्ये आली, आणि कुराकिन नावाच्या रशियन राजदूताशी तिचं नाव जोडतात. पुढे १९७० च्या दशकात नव्या फ्रेंच स्वयंपाकाची लाट आली. पॉल बोक्यूझसारखे आचारी जपानला जाऊन आले, तिथल्या काइसेकी जेवणातल्या छोट्या बश्या, ऋतूची मांडणी, मोकळी सोडलेली जागा बघून आले. आज जगभर टेस्टिंग मेन्यू म्हणून जे वाढतात, त्यात रशियन क्रम आहे, जपानी बशी आहे आणि नाव तेवढं फ्रेंच.

म्हणजे 'आशियाई-फ्रेंच फ्यूजन' असं ज्याला हे रेस्टॉरंट म्हणत होतं, त्यातलं फ्रेंच आधीच मिसळलेलं होतं. आपलंही तसंच. एकादशीला देवापुढे ठेवतो ती खिचडी घ्या. साबूदाणा कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचा. बटाटा तिकडचा, नावासकट पोर्तुगीजांनी आणलेला. हिरवी मिरचीही त्यांच्याच गलबतातून आलेली. बीजींचा राजमा, तोही अमेरिकेतलाच. सेक्टर २२ च्या त्या भिंतीवरून एक वाटी इकडून आणि एक तिकडून जात होती, दोन्हींत कधीकाळचे परके पदार्थ होते, आणि दोन्ही बायका एकमेकींना ठासून सांगत होत्या, हे अगदी आमच्याकडचं हं.

मी हे मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "बीजींना सांगितलं असतंस तर तुझा राजमा बंद झाला असता."

चौथ्या कोर्सला एक पाव आला. त्यात मऊ चीज, वर कोथिंबीर आणि गाजराचं आंबट लोणचं. व्हिएतनामवर फ्रेंचांचं राज्य होतं, तेव्हा तिथे त्यांचा लांबट पाव रुजला आणि सैगॉनच्या रस्त्यावर त्यात कोथिंबीर, मिरची, लोणचं शिरलं. हा त्या पावाचा सजवलेला नातू. त्याचा घास घेताना मला वास्तुकार बाळकृष्ण दोशी आठवले. जन्म पुण्याचा, १९२७ चा. १९५१ मध्ये ते पॅरिसला कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात काम करायला गेले. शाकाहारी माणूस, पाव, चीज आणि ऑलिव्ह यांवर दिवस काढल्याचं ते पुढे सांगत. म्हणजे या शहराचे नकाशे तिकडे कागदावर उतरत असताना पुण्यातला एक तरुण पॅरिसमध्ये पाव चावत होता, आणि इकडे चंदीगडला कॉर्बुझिए यांच्या भारतीय चमूत ए. आर. प्रभावळकर काम करत होते. त्यांच्या डब्यात कढी कुठली असे, पातळ की दाट, याची नोंद कुठल्याही वास्तुकोशात सापडणार नाही. मला तर तेवढीच हवी आहे.

आम्ही बसलो होतो त्या खुर्च्याही त्याच इतिहासातल्या, निदान त्यांच्या नकला. उलट्या 'व्ही'सारखे सागवानी पाय आणि वेताची विणलेली बैठक: जानरे यांच्या काळातला घाट. बाबांच्या कार्यालयात असल्या मोडक्या खुर्च्यांचा ढीग व्हरांड्यात पडलेला असे. वेत उसवलेला, पाय डुगडुगणारे. आता अस्सल खुर्च्या परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या जातात. जानरे मात्र इथून लवकर हलले नाहीत. १९६५ पर्यंत राहिले, आणि गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी सुखना तलावात सोडल्या. पाहुणा म्हणून आलेला माणूस पाण्यात विरघळून गावचा झाला. मिसळणं म्हणजे काय, याचं इतकं थेट उत्तर मला त्या सात कोर्समध्ये मिळालं नाही.

मैत्रिणीला मात्र खुर्च्यांत रस नव्हता. ती तंदूरवर आली होती. बाजाराच्या मागे एका बाईचा तंदूर होता. संध्याकाळी घराघरातून मळलेली कणीक परातीत घेऊन मुली तिथे जायच्या. बीजी लायलपूरच्या. त्यांच्या गावात सगळ्या गल्लीचा मिळून एक तंदूर असे, सांझा; कुणाची कणीक सैल, कुणाची घट्ट, यावरून घरातलं भांडण ओळखू येई म्हणे. आईलाही एकदा हुरूप आला. तिनं बाजरीचं पीठ मळून आम्हा दोघींबरोबर पाठवलं. तंदूरवालीनं भाकरी थापली, हात आत घालून भिंतीला लावली, आणि भाकरी अलगद सुटून निखाऱ्यात पडली. दुसरीही पडली. बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ती उभ्या भिंतीला धरून राहत नाही. तिला सपाट तवा लागतो. तंदूरवाली म्हणाली, "पुत्तर, तुम्हारी रोटी को लेटने की आदत है." आम्ही रिकामी परात घेऊन घरी आलो. त्या रात्री बीजींनी रोट्या पाठवल्या आणि भाकरीच्या मृत्यूबद्दल दोन घरांत रीतसर शोक झाला.

सगळं सगळ्यात मिसळत नाही, हेही त्या तंदूरनं शिकवलं. आणि मिसळतं ते कुणी ठरवून नाही. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत आईची कढी जरा दाट झाली होती. तिसऱ्या हिवाळ्यात तिच्यात भज्यांऐवजी कोथिंबीरवडीचे तुकडे पडायला लागले. पलीकडे बीजींच्या कढीत गुळाचा एक खडा आणि कढीपत्ता जाऊ लागला. घरातल्या पुरुषांना कळलंही नाही. त्या कढीला कुणी नाव दिलं नाही, कुणी तिचं स्पष्टीकरण दिलं नाही. रोज थोडीथोडी चूक होत गेली आणि एक दिवस ती चूक चव झाली.

आई उष्ट्याच्या बाबतीत कडक होती. वाढताना चमचा कुणाच्या पानाला लागला तरी तिला खपत नसे. बीजी भाजी ढवळता ढवळता तळहातावर थेंब घेऊन चाटायच्या आणि तोच डाव परत बुडवायच्या. भिंतीवरून आईनं हे पाहिलं असणारच. तिथून सगळंच दिसायचं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही आणि बीजींची वाटी कधी नाकारलीही नाही. ओलांडण्यासारख्या रेषा माणूस स्वतःच्या हातानं पुसत नाही. तो फक्त तिकडे बघायचं सोडतो.

१९७७ मध्ये बाबांची पुन्हा बदली झाली. सामान बांधण्याच्या घाईत वाट्यांचा हिशेब चुकला. पुण्याला येऊन भांडी लावताना आईला 'मामाकडून'च्या सहाच्या जागी पाच वाट्या मिळाल्या आणि एक जाड काठाची, अनोळखी पितळी. "बीजींची राहिली," आई म्हणाली. ती वाटी पुढे आमच्याकडे तांदूळ मोजायला वापरली गेली. एक वाटी, दोन वाट्या, पाहुणे आले की तीन. आई गेली, वाटी आहे. बीजीही चार वर्षांपूर्वी गेल्या. ती भिंतही पुढे कुणीतरी उंच केली, वर काचा लावल्या. आता मान वर करून बघितलं तरी पलीकडलं अंगण दिसत नाही.

सातवा कोर्स गोडाचा. क्रेम ब्रुले, त्यात मोगऱ्याचा वास. वर जाळलेल्या साखरेचा काचेसारखा पापुद्रा. एकच भांडं, दोन चमचे. मैत्रिणीनं चमच्याची पाठ आपटून पापुद्रा फोडला आणि दोघींनी एकाच भांड्यात चमचे बुडवले. आईची आठवण झाली. तिनं इथेही बघायचं सोडलं असतं. मग मैत्रिणीनं बाजूला थंड झालेला तिसरा मोदक सुरीनं अर्धा केला आणि अर्धा न विचारता माझ्या बशीत टाकला. सारण थोडं बाहेर आलं. थंड झाल्यावर तो जरा बरा लागला.

आणि मग तिनं पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

वाटी होती. ठिपके झिजले होते, 'मा'चा काना जवळजवळ गेला होता. 'कडून' मात्र स्पष्ट. बीजींच्या खोलीतलं कपाट आवरताना सापडली, ती म्हणाली. आत तीन पिन्न्या होत्या. अळशीच्या, तुपात भाजलेल्या कणकेच्या, थंडीतल्या. वर एकेक बदाम.

"रिकामी कशी आणणार?" ती म्हणाली.

बाहेरचं खाणं आणायला परवानगी नसावी, पण वेटर मुलानं ओरडायच्या ऐवजी वाकून बघितलं. पुन्हा तीन, पुन्हा आम्ही दोघी. या वेळी मैत्रिणीनं वेळ घालवला नाही. वाटी त्याच्यापुढे धरली. त्यानं आजूबाजूला पाहिलं, एक उचलली आणि उभ्या उभ्या चावली.

"यात काय काय आहे?" त्यानं विचारलं.

संध्याकाळभर तो आम्हाला सांगत होता. आता मैत्रीण खुर्चीत सरळ बसली, हात पाठीमागे नेले आणि अगदी त्याच्याच सुरात सांगू लागली: आधी अळशी भाजून दळायची, मग कणीक मंद आचेवर, तूप हात आखडून नको, गूळ शेवटी...

त्यानं शेवटचा कण बोटावर घेऊन चाटला. वाटी आम्ही कागदी रुमालानं पुसली आणि ती माझ्या पिशवीत गेली. बाहेर धुकं इतकं दाट होतं की रस्ता ओलांडताना आम्ही एकमेकींचे हात धरले. पुण्याला तांदळाच्या डब्यात तिची पितळी वाटी आहे. आता पाळी माझी.